काळ्या सिलिकॉनचा ठिपका

ओळंब्याचा दिवस पहाटे पावणेचारला सुरू व्हायचा. गजर लावावा लागत नसे. उठला की तोंड धुण्याआधी तो आरशाखालच्या फळीकडे बघायचा. तिथे दाढीच्या ब्रशशेजारी प्लास्टिक पाइपचा एक एल्बो ठेवलेला होता, कोपरासारखा काटकोनात वळलेला तुकडा. त्याच्या एका अंगाला काळ्या सिलिकॉनचा ठिपका होता, मसुरीच्या दाण्याएवढा. तो बघितला की उरलीसुरली झोप उडायची. मग तो आगारात जायचा आणि सव्वाचारपासून बारापर्यंत बसा धुवायचा.

"लोक उठल्यावर देवाचं तोंड बघतात, तुम्ही त्या पाइपचं," बायको म्हणायची.

"देवानं माझं काही बुजवलेलं नाही," तो म्हणायचा.

ओळंबा हे त्याचं नाव नव्हे. भिंत सरळ आहे का ते बघायला गवंडी दोरीला जे वजन टांगतो, तो ओळंबा. हा माणूस पाण्याचा पेलासुद्धा टेबल समपातळीत आहे का ते बघून ठेवायचा, म्हणून कामावरच्यांनी नाव पाडलं. त्याला ते आवडायचं. माणसाला हाताच्या कामावरून नाव मिळावं, यापरती पदवी नाही.

काम म्हणजे माशांच्या टाक्या. एका माशांच्या दुकानात तो एकोणीस वर्षं होता. मासे मालक विकायचा. काच कापणं, चिकटवणं, भोकं पाडणं, पाइप जोडणं ओळंब्याकडे. मालकाला माशांची सगळी नावं पाठ होती, पण एकोणीस वर्षांत त्याने पाइपला हात लावला नव्हता. लावला तो एकदाच, आणि त्यातच ओळंब्याचं नाक कापलं गेलं.

झालं असं. दातांच्या एका डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात, पेशंट बसतात त्या खोलीत, सहा फुटांची टाकी बसवायची होती. एवढ्या टाकीला काचेला लटकवायचा छोटा फिल्टर पुरत नाही. तिच्याखाली कपाटात दुसरी, लहान टाकी ठेवतात. तिला सम्प म्हणतात. वरचं पाणी काठावरून ओसंडून पाइपाने सम्पमध्ये उतरतं, तिथे गाळलं जातं, आणि शेवटच्या कप्प्यातला पंप ते परत वर ढकलतो. दिवसरात्र हे चक्र चालू.

वीज गेली की खरी परीक्षा. पंप थांबतो, आणि ज्या पाइपातून पाणी वर जात होतं त्याच पाइपातून ते उलटं खाली येऊ लागतं. वरच्या पाइपाचं तोंड जितकं खोल बुडलेलं, तितकं सगळं पाणी खाली. त्यावर उपाय साधा आहे. वरच्या एल्बोला, पाण्याच्या पातळीच्या बोटभर खाली, एक बारीक भोक पाडायचं. पाणी तेवढं उतरलं की भोक उघडं पडतं, हवा आत शिरते आणि ओढ तुटते. सहा मिलिमीटरचं भोक. त्यावर सगळा दवाखाना उभा होता.

पंप चालू असताना त्या भोकातून पाण्याची बारीक चिळकांडी उडते आणि थोडा फुरफुर आवाज होतो. डॉक्टरबाईंना तो आवाज खटकला. त्यांनी मालकाला फोन केला. एका रविवारी मालक स्वतः गेला, भोक बघितलं, त्याला वाटलं गळतंय, आणि खिशातल्या काळ्या सिलिकॉनने ते बुजवून आला. ओळंब्याला विचारलं नाही. सांगितलंही नाही.

बुधवारी रात्री वीज गेली. गुरुवारी सकाळी दवाखाना उघडला तेव्हा लाकडी जमीन फुगून पापडासारखी वर आली होती.

मालकाने डॉक्टरबाईंच्या देखत, दोन पेशंटांच्या देखत, ओळंब्याकडे बोट दाखवलं. "वय झालं त्याचं. हात थरथरतो आता. मी सांभाळून घेत होतो."

हात थरथरतो. हे चार दिवसांत गावभर झालं. ज्या माणसाने बारा मिलिमीटरच्या काचेला भोक पाडताना कधी कपची उडू दिली नाही, त्याचा हात थरथरतो.

मालकाने काढून टाकल्यावर तो आपली हत्यारं घ्यायला दुकानात गेला तेव्हा मागच्या भंगाराच्या डब्यात दवाखान्यातले पाइप पडलेले दिसले. वरच त्याचा एल्बो. त्यावर काळा ठिपका. ओळंबा जन्मात काळं सिलिकॉन वापरत नसे. काळ्यात घाण झाकली जाते, म्हणून तो कायम पारदर्शक वापरायचा. जोड दिसला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. काळं मालक वापरायचा. फुटकी बादली, चपलेचा पट्टा, सगळ्याला काळंच.

त्याने एल्बो उचलून मालकापुढे धरला. "हे कोणी लावलं?"

मालकाने एकदा बघितलं आणि पिशवीत मासे बांधत राहिला. "आता कोर्टात जातोस काय पाइप घेऊन?"

दुकानातलं गिऱ्हाईक हसलं. ओळंब्याने एल्बो रुमालात गुंडाळला आणि बाहेर पडला. दवाखान्यात तो तीनदा गेला. तिन्ही वेळा बाहेरच्या मुलीने सांगितलं, मॅडम म्हणतात तुमच्या मालकांशी बोला. फोन केला, तो उचलला गेला नाही. टाक्यांचं काम मग कोणी देईना. बसा धुवायचं मिळालं.

आगारात एका पाळीत बावीस बसा धुवाव्या लागत. ओळंबा बावीसच धुवायचा, पण चाकांच्या आतल्या बाजूसकट. मुकादम म्हणाला, "आतलं कोण बघतंय?"

"मी बघतो ना."

दुसऱ्या महिन्याचा पगार हातात आला तेव्हा त्याने ठरवलं. भांडून उपयोग नव्हता, भांडणात मालकाची जीभ लांब. पाण्यालाच साक्षीला उभं करायचं.

त्याच्या साडूचा एक गाळा होता, मालकाच्या दुकानासमोर, गल्लीच्या पलीकडे पाच पावलांवर. साडू त्यात शिलाईकाम करायचा. डोळे अधू झाल्यावर त्याने मशीन झाकून ठेवलं आणि गाळा रिकामा पडला.

"मला दे," ओळंबा म्हणाला. "भाडं देईन."

"भाडं तर घेणारच. नात्यात पाणी मुरायला नको," साडू म्हणाला. "काय काढणार? माशांचं दुकान? त्याच्या नाकासमोर?"

"दुकान नाही. टाकी."

"किती टाक्या?"

"एक."

साडूने बायकोच्या बहिणीकडे, म्हणजे ओळंब्याच्या बायकोकडे, बघितलं. "ताई, यांना बस लागली का हो डोक्याला?"

"स्वयंपाकघरातला नळ सहा महिने ठिबकतोय," ती म्हणाली. "तो दुरुस्त करायला वेळ नाही. शत्रूच्या दारात टाकी बांधायला आहे."

हे खरं होतं. त्याच्या घरचा नळ ठिबकत होता आणि त्याला तो ऐकू येत नव्हता.

बारापर्यंत आगार, जेवण, तासभर पाठ टेकणे, मग तीन ते सात गाळा. असं तेरा महिने चाललं. पगारातून घरचं काढून जे उरेल त्यातून एकेक वस्तू यायची. आधी टाकी ठेवायचा लोखंडी घोडा. मग काच, एका महिन्याला एक बाजू. मापं त्याला पाठ होती. डॉक्टरबाईंच्या टाकीची जुळी बहीणच बांधायची होती: सहा फूट लांब, दोन रुंद, दोन उंच. एका सुतानेही फरक चालणार नव्हता. नाहीतर मालक म्हणाला असता, ती टाकी वेगळी होती.

पहिल्या आठवड्यात त्याने काचेला हात लावला नाही. पारदर्शक नळीत पाणी भरून, गवंडी करतात तशी, गाळ्याची पातळी काढली. मग नळी दाराबाहेर नेली आणि गल्लीचीही काढली.

"गल्लीत पण टाकी ठेवणार का?" साडूने विचारलं.

"नाही. उतार कुठे आहे ते बघतो."

उतार पलीकडे होता. गटारही पलीकडेच, मालकाच्या उंबऱ्याला लागून. पण त्या गटाराचं तोंड मालकाने दोन वर्षांपूर्वी फरशी टाकून बंद केलं होतं, वर माशांच्या खाद्याची पोती मांडता यावीत म्हणून. ओळंबा बराच वेळ त्या फरशीकडे बघत राहिला.

सम्प त्याने चार फुटांचा केला. आत काचेच्या पडद्या, एक तळापासून वर उचललेली, एक तळाला टेकलेली, परत एक उचललेली, म्हणजे पाणी खालून-वरून वळत जातं आणि बुडबुडे वाटेतच विरतात. पहिल्या कप्प्यात स्पंज. दुसऱ्यात भांडी घासायच्या प्लास्टिकच्या घासण्या, शंभर नग. घाण खाणारे जंतू त्यांच्या वेटोळ्यांत वस्ती करतात. दुकानात मिळणाऱ्या महागड्या मातीच्या नळ्यांचं काम घासणी करते, फक्त ती साबणाची नसावी. त्याने शंभरच्या शंभर तीन पाण्यांतून काढल्या.

काचेला भोक पाडायला दोन दुपारी लागल्या. कडेला मातीचा बांध घालून त्यात पाणी ठेवायचं, हिऱ्याच्या दाण्यांचं बिट तिरकं लावायचं, खोबण पडली की सरळ करायचं आणि ड्रिलवर जोर द्यायचा नाही. ड्रिलचं वजन तेवढा जोर. घाई केली की काच मागच्या अंगाने कपची टाकते. दोन्ही भोकं तो पाडत असताना साडू समोर बसून त्याच्या हातांकडे बघत होता.

"थरथरतो का?" ओळंब्याने ड्रिल न थांबवता विचारलं.

"माझे डोळे अधू आहेत. पण नाही."

सिलिकॉन दोन दिवसांत वाळतं. त्याने आठ दिवस वाट बघितली. पाणी भरलं ते एका वेळी पाव टाकी, आणि प्रत्येक पाव टाकीनंतर एक दिवस थांबून जोडांखाली कोरडा कागद फिरवला. कागद कोरडाच राहिला.

मग त्याने हिशोब मांडला, पाण्याचा. वरच्या टाकीत एक सेंटिमीटर पाणी उतरलं की खाली जवळजवळ अकरा लिटर येतं. भोक उघडं असेल तर तीन सेंटिमीटर उतरेल. सम्प अर्धा रिकामा होता, त्यात ते आरामात मावणार होतं. जिथे येऊन थांबेल तिथे त्याने सम्पच्या काचेवर लाल रंगाची रेघ ओढली, पाणी यायच्या आधी.

मग रोजचं सुरू झालं. संध्याकाळी सहाला, समोर गिऱ्हाइकांची गर्दी असताना, तो शटर पूर्ण वर करायचा आणि बटण बंद करायचा. पंप थांबायचा. खालचं पाणी चढायचं, लाल रेघेला टेकायचं आणि थांबायचं. जमीन कोरडी. मग बटण परत चालू. टाकीत मासा एकही नव्हता.

बघायला लोक थांबू लागले. "मासे कुठे आहेत?" कोणीतरी विचारायचंच.

"मासे समोर मिळतात," ओळंबा म्हणायचा. "इथे पाणी बघायचं."

मालक आठ दिवस दुकानातून बघत होता. नवव्या दिवशी तो उंबऱ्यावर येऊन मोठ्याने म्हणाला, "म्हातारपणी खेळणं सापडलं." दोघे हसले. ओळंब्याने बटण बंद केलं, पाणी रेघेपर्यंत आलं, बटण चालू केलं. विसाव्या दिवशी एका गिऱ्हाइकाने मालकालाच विचारलं की तुमच्या टाक्यांना अशी सोय आहे का. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी, गल्लीत कोणी नसताना, मालक पाच पावलं ओलांडून आला.

"झालं ना समाधान? परत ये कामावर," तो म्हणाला. "आधीपेक्षा जास्त देतो."

"डॉक्टरबाईंच्या समोर सांगा, भोक तुम्ही बुजवलं."

"अरे, झालं गेलं. एकोणीस वर्षं माझ्याकडे खाल्लंस."

"खाल्लं नाही, कमावलं. सांगता का?"

"तिच्याशी माझा धंदा आहे. तू काय तिच्या गळ्यात पडणार? ती तुझा फोन तरी उचलते का?"

ओळंब्याने पाना उचलला आणि एक घट्टच असलेला जोड घट्ट करू लागला. मालक गेला.

फोन ती उचलत नव्हती, हे खरं. पण ओळंब्याची एक दाढ दोन वर्षं ठणकत होती. महिना संपला, पगार झाला, आणि त्याने पेशंट म्हणून नाव लावलं. पेशंटला कोण अडवणार?

खुर्चीत तो पडला आणि डॉक्टरबाईंनी दिवा ओढला तेव्हा त्यांनी ओळखलं. "तुम्ही ते टाकीवाले ना?"

त्याच्या तोंडात आरसा आणि नळी होती. त्याने "आं" केलं.

"माझी सगळी जमीन बदलावी लागली हो."

"आं."

"आता दुखेल हं थोडं."

त्याने खुर्चीचे हात धरले नाहीत. हात मुद्दाम पोटावर पसरून ठेवले, बोटं लांब करून, त्यांना दिसतील असे. दाढ निघेपर्यंत ती बोटं हलली नाहीत. डॉक्टरबाईंनी ते बघितलं की नाही, कोण जाणे. कापूस दाबून, फी देऊन, तो दारात थांबला आणि कापसामागूनच बोलला, "तुमचं काम मी बघितलं. हात चांगला आहे. आता माझं एकदा बघा. शनिवारी सहा वाजता." आणि गाळ्याचा पत्ता सांगितला.

शनिवारी त्या आल्या. सहाला पाच कमी होते. साडू खुर्ची टाकून बसला होता, बायको दाराशी उभी होती, गल्लीत वीसएक माणसं. डॉक्टरबाई टाकीपुढे येऊन थबकल्या. "ही तर माझीच टाकी."

"तुमचीच. सुताने फरक नाही."

त्यांना आत आलेलं बघून मालकही धावत आला. त्याला यायचं नव्हतं. पण न येऊन चाललं नसतं.

ओळंब्याने बटण बंद केलं. पाणी चढलं, रेघेला टेकलं, थांबलं. त्याने जमिनीवर कागद फिरवून डॉक्टरबाईंच्या हातात दिला. कोरडा.

"असं मी तुमच्याकडे लावलं होतं," तो म्हणाला. मग खिशातून रुमाल काढला, उलगडला, आणि काळ्या ठिपक्याचा एल्बो दाखवला. "आणि असं तुमच्याकडून परत आलं."

"त्यात काय आहे एवढं?" मालक म्हणाला. "पाणी उलटं न सोडणारी झडप बसवायची सोडून भोक पाडलंस, ती तुझीच चूक."

"झडपेत आत घाण बसते आणि ती कळत नाही. भोक बुजलं तर बाहेरून दिसतं. बघणाऱ्याला."

त्याने वरचा एल्बो सोडवला आणि जुना बसवला. सव्वा वर्ष फळीवर होता, तरी चपखल बसला. पंप चालू केला, सगळं पाणी वर जाऊ दिलं. डॉक्टरबाई कान देऊन उभ्या होत्या.

"आवाज येत नाहीये," त्या म्हणाल्या. "मघाशी फुरफुर येत होता."

ओळंब्याने बटण बंद केलं.

पाणी लाल रेघेला आलं आणि थांबलं नाही. एक मिनिट, दोन मिनिटं. "काठोकाठ आलं," साडू म्हणाला आणि पाय खुर्चीवर घेतले. चौथ्या मिनिटाला ते सम्पच्या काठावरून सांडलं. आधी पातळ, आवाज न करता, मग सगळ्या बाजूंनी. ओळंब्याच्या चपला भिजल्या. तो हलला नाही. वरच्या टाकीतलं पाणी उतरतच होतं.

"बंद कर ना ते," मालक म्हणाला.

"बंदच आहे. वीज गेली की काय बंद करणार?"

पाणी दाराबाहेर पडलं. गल्लीतल्या माणसांनी वाट दिली. ते उताराने पलीकडे निघालं, वाटेत धुळीत थोडं जिरलं, बाकीचं मालकाच्या उंबऱ्यापाशी पोचलं. तिथे गटार होतं, पण त्यावर फरशी होती. पाणी फरशीवर चढलं, पोत्यांखाली शिरलं आणि उंबऱ्यावरून आत गेलं.

मालक पोती उचलायला धावला. एकही जण मदतीला सरकला नाही. डॉक्टरबाई दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि तिथूनच म्हणाल्या, "त्या रविवारी आवाज बंद करायला तुम्ही आला होतात. मला आठवतंय, तुमच्या बोटाला काळं लागलं होतं. मीच हात धुवायला साबण दिला."

मालक भिजलं पोतं छातीशी धरून उभा राहिला. "तुम्हीच तर तक्रार केलीत आवाजाची," तो म्हणाला. "म्हणून लावलं मी."

म्हणून लावलं मी. वीस माणसांनी ऐकलं. ओळंब्याला आणखी काही ऐकायचं नव्हतं. जोड सोडवून त्याने एल्बो काढला आणि मालकाच्या दुकानापुढच्या पाण्यात टाकला. "तुमचं सिलिकॉन आहे. ठेवा."

डॉक्टरबाई परत आल्या. जरा घुटमळल्या. "नवी टाकी तुम्ही कराल का? समोरच्यांनी दुसऱ्या कोणाकडून करून दिलीय, ती गळतेच आहे."

"नाही."

"माझी चूक झाली, मान्य आहे."

"तीन वेळा आलो होतो. एकदा आत घेतलं असतंत तर तेव्हाच केली असती, फुकटसुद्धा. आता नाही." मग गालावरून हात फिरवत, "दाढ मात्र बरी निघाली."

माणसं पांगली. साडू पाय खाली घेऊन म्हणाला, "पाणी पाजलंस बुवा त्याला. आता टाकी विकतोस?"

"विकतो. घेणाऱ्याला भोक कुठे आहे ते आधी दाखवीन."

बायकोने फडकं आणि बादली आणली. तिने फडकं त्याच्या अंगावर टाकलं, स्वतः हात लावला नाही. त्याने गुडघ्यावर बसून सगळी जमीन पुसली, कोपऱ्यांसकट, फडकं पिळून पिळून. तिने मोजत असल्यासारखं बघत विचारलं, "तेरा महिने पहाटे उठलात. काय आलं एवढ्या पगारात?"

त्याने पाठ सरळ केली आणि दाराबाहेर बघितलं. समोर मालक वाकून उंबऱ्यातलं पाणी झाडूने बाहेर काढत होता. फरशीमुळे ते परत आत येत होतं.

"ते," ओळंबा म्हणाला. "तेवढंच आलं. आणि नळाचा वायसर. तो सकाळीच आणून ठेवलाय."